बंदूक कुणाची, सही कुणाची

निवडणूक जाहीर झाली की कोल्हापूर जिल्ह्यात दोन गोष्टी लगेच घडतात. भिंतींवरच्या पक्षांच्या जाहिरातींवर चुना फिरतो आणि बंदुकीचे परवाने असलेल्यांना पोलीस ठाण्यातून निरोप जातो: हत्यार जमा करा.

शहरातल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. पण आजरा, चंदगड, राधानगरी, भुदरगड या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यांत बंदूक ही मिरवायची वस्तू नसते. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ती जुनी ठासणीची बंदूक असते. गवा मारायला कायद्याने बंदी आहे. पण रात्री हवेत एक बार काढला तर कळप पांगतो आणि पीक वाचतं. विधानसभेचं मतदान २०१९ साली ऑक्टोबरात झालं, २०२४ साली नोव्हेंबरात. या पट्ट्यात हेच भातकापणीचे दिवस. म्हणजे बंदुकीची खरी गरज असते नेमकी तेव्हाच ती ठाण्यात पडून राहायची शक्यता जास्त.

मग कुणाची बंदूक जमा करायची आणि कुणाची राहू द्यायची, हे कोण ठरवतं? प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी जरा लांब जाऊ. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काउंटीचा शेरीफ लोक मतदान करून निवडतात. मुंबईलाही शेरीफ असतो, आपण त्यांना नगरपाल म्हणतो, पण ते नुसतं मानाचं पद. तिकडच्या शेरीफच्या हाताखाली पोलीस आणि तुरुंग असतो. कोलोरॅडो राज्याने २०१३ साली बंदुकांचे नियम कडक केले, तेव्हा तिथले बहुसंख्य शेरीफ त्याविरुद्ध कोर्टात गेले. वॉशिंग्टन राज्यात २०१८ साली जनमताने तसाच कायदा झाला, तर अनेक शेरीफनी तो राबवणार नाही असं जाहीर करून टाकलं. ‘लोकांनी मला निवडलंय, मी लोकांना बांधील आहे,’ असा त्यांचा युक्तिवाद. पण कायदाही लोकांनीच केला होता.

आपल्याकडे हा अधिकार निवडून आलेल्या माणसाकडे कधीच दिला गेला नाही. तो साहेबाकडे होता. साहेबाने तो कसा वापरला, हे आपल्याच मुलखात दिसतं.

१८४४ साली सामानगड आणि पन्हाळ्यावर गडकऱ्यांनी बंड केलं. पिढ्यान् पिढ्या किल्ले राखणारी ही माणसं. नव्या कारभाराने त्यांच्या जमिनी आणि हक्कांना हात घातला होता. बंड मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यांची तटबंदी पाडली. त्यानंतर तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ च्या रात्री, कोल्हापुरातली सत्ताविसावी पलटण उठली. कर्नल जेकब आला आणि त्याने ऑगस्टमध्ये त्या पलटणीची हत्यारं काढून घेतली. डिसेंबरात शहर पुन्हा पेटलं. पुढे छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत.

याच सप्टेंबरात कंपनी सरकारने हत्यारांचा कायदा केला. शिपायांच्या हातातली बंदूक काढून भागणार नव्हतं, घराघरातलं हत्यार हवं होतं. दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानांत नि:शस्त्रीकरण सुरू झालं. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, त्यातलं हलगली हे बेडांचं, म्हणजे आपण ज्यांना बेरड म्हणतो त्यांचं गाव. आज ते बागलकोट जिल्ह्यात येतं. शिकार आणि राखण हे या लोकांचं काम, हत्याराशिवाय ते करायचं कसं? त्यांनी हत्यारं द्यायला नकार दिला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज आली, गाव जाळलं गेलं. डिसेंबरमध्ये एकोणीस जणांना फाशी दिलं, काहींना मुधोळला आणि काहींना हलगलीतच. कन्नड लावण्यांमध्ये ही हकिकत आजही गायली जाते.

यापुढचा भाग जास्त बोलका आहे. १८६१ साली मार्क कबन या इंग्रज अधिकाऱ्याने कोडगूच्या लोकांना, म्हणजे कोडवांना, याच कायद्यातून सूट दिली. कारण त्यांची इंग्रजांशी असलेली निष्ठा. बंदुका दोन्हीकडे होत्या आणि कायदाही एकच होता. फरक होता तो साहेबाच्या मर्जीचा. कोडवांना ही सूट आजही आहे, २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. हलगलीच्या वाट्याला हुतात्म्यांची आठवण आली.

१८७८ साली लॉर्ड लिटनने या मर्जीला कायद्याचा पक्का आकार दिला. त्याच वर्षी त्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही बंधन घातलं. बंदुकीला परवाना सक्तीचा झाला, पण युरोपियन लोकांना सूट होती. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर नियम सगळ्यांसाठी लिहिला आणि अपवादांची यादी आपल्या माणसांसाठी ठेवली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. तक्रार हत्यारापुरती नव्हती. एक अख्खा समाज विश्वासाला अपात्र आहे असं सरकारने लिहून ठेवलं होतं, तक्रार त्याची होती.

अधिकार असलेला माणूस उलटंही वागू शकतो, हे कोल्हापूरने पाहिलं. बेरड, रामोशी, मांग अशा जातींना रोज सरकारदरबारी हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. सरकार ज्यांना जन्मजात चोर समजत होतं त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवलं. ज्याच्यावर कुणाचा भरवसा नाही, त्याच्याच हाती राखण दिली. यालाही मर्जीच म्हणायचं, पण ती माणसं जोडणारी होती. अडचण एवढीच की असा राजा प्रत्येक पिढीला मिळत नाही.

म्हणून स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला तेव्हा मर्जीला कुंपण घातलं. अर्ज आला की पोलिसांचा अहवाल मागवायचा. त्यावर निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या कलेक्टरांनी घ्यायचा, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांनी. नकार दिला तर कारणं लेखी नोंदवायची. वर अपील आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा तर कायद्यात वेगळा उल्लेख आहे.

तरी जुनी सवय सहज जात नाही. निवडणूक आली की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करा, असा आदेश काढणं सोपं असतं. २००९ साली असाच आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर आला. कोर्टाने सांगितलं, असं सरसकट चालणार नाही. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा: कोण जामिनावर आहे, कुणाची गुन्ह्यांची पार्श्वभूमी आहे, दंगलीत कुणाचं नाव होतं. म्हणजे हलगलीला जे मिळालं नाही ते मिळालं, माणसागणिक विचार.

मग निवडून आलेला माणूस हे काम जास्त चांगलं करेल का? २०२५ साली पुणे पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला. अर्जदाराच्या नावावरून राज्यभर गदारोळ झाला. पोलिसांनी परवाना शेवटी दिलाच नाही. निवडून आलेल्या माणसाला लोकांना तोंड द्यावं लागतं हे खरं. पण त्याला स्वतःची माणसंही असतात. अधिकाऱ्याला मतं मागायची नसतात, पण त्याच्यावर वरून दबाव येतो आणि लांबून तो माणूस नीट पाहत नाही.

त्यामुळे सही कलेक्टरांची की शेरीफची, यापेक्षा सहीखाली कारण लिहिलंय का, हे जास्त महत्त्वाचं. ते कारण अर्जदाराला वाचता यावं आणि वरच्या दारात तपासता यावं. मार्क कबनने कारण दिलं होतं: निष्ठा. हलगलीला ते कारण मिळण्यासारखं नव्हतं आणि दाद मागायला वरचं दारही नव्हतं.

आज चंदगडच्या शेतकऱ्याकडे ते दार आहे. निरोप आला की ‘माझीच का?’ असं तो विचारू शकतो. उत्तर लेखी मागू शकतो. भात उभं असताना त्याला एवढं विचारता येणं, हीच त्या एकोणिसांनंतरची आपली कमाई.