जीनगराच्या घरांतील अंध मूल

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष त्यांच्या बुद्धीकडे जातें. ज्या घरांत ती बुद्धि वाढली त्या घराकडे क्वचितच जातें. लुई ब्रेल याचेंच उदाहरण घ्यावें. अंधांना बोटांनीं वाचतां येईल अशी सहा ठिपक्यांची लिपि त्यानें शोधून काढली, हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु लहानपणींच दृष्टि गमावलेल्या एका खेडवळ मुलाला लिपीची उणीव भासावी, इतकें शिक्षण मुळांत मिळालें कसें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर पॅरिसच्या पूर्वेस सुमारें २५ मैलांवरील कूप्व्रे या गांवीं, एका जीनगराच्या घरांत सांपडतें.

या घरानें काय केलें तें समजण्यासाठीं त्या काळच्या इतर घरांकडे पाहिलें पाहिजे. फ्रान्समध्यें गरिबाच्या अंध मुलापुढें बहुधा भिक्षेचाच मार्ग असे. तेराव्या शतकांत नवव्या लुई राजानें पॅरिसमध्यें तीनशें अंधांसाठीं आश्रम स्थापिला, पण तेथील रहिवासीहि शहरांत भिक्षा मागत. १७८४ सालीं व्हालांतँ आयुई या गृहस्थांनीं अंधांना शिकविण्याचें मनांत घेतलें, तेव्हां त्यांना फ्रांस्वा लेस्युर हा पहिला विद्यार्थी एका चर्चच्या दारीं भीक मागतांना मिळाला. त्याच्या भिक्षेवर घरचीं माणसें अवलंबून असल्यामुळें, शिकण्यांत जाणाऱ्या वेळाची भरपाई आयुई यांना आपल्या पदरून द्यावी लागली. सारांश, अंध मूल हा घराचा एक तर भार, नाहीं तर मिळकत!

अशा समाजांत ४ जानेवारी १८०९ रोजीं सिमों-रेने ब्रेल आणि मोनिक या दांपत्याच्या पोटीं लुई जन्मला. चार भावंडांत तो शेंडेफळ. वरचीं तिघें त्याच्याहून दहांपेक्षां अधिक वर्षांनीं मोठीं. १८१२ सालीं बापाच्या कारखान्यांत खेळतां खेळतां कातडें भोसकण्याचें एक टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यांत शिरलें. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाहि विकार जडला आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टि पुरती गेली. ज्या धंद्यावर घर चालत होतें, त्याच धंद्यानें मुलाचे डोळे घेतले.

अशा प्रसंगीं आईबापांना दोन वाटा सोप्या असतात. भीतीपोटीं मुलाला सर्व कामांपासून दूर ठेवावयाचें, किंवा पश्चात्तापापोटीं त्याला जागचें हलूं न देतां सर्व कांहीं हातांत आणून द्यावयाचें. दोहोंतहि माया असते, आणि दोहोंतहि मुलाचे हात निकामी होतात. ब्रेल कुटुंबानें या दोन्ही वाटा टाळल्या. बापानें त्याला काठ्या करून दिल्या. त्यांच्या आधारानें तो गांवांतल्या वाटा ओळखूं लागला. जीनसामानाच्या झालरी करण्याचें कामहि त्याच्याकडे आलें. जेथें डोळे गेले त्या धंद्याचें दार त्याला बंद झालें नाहीं, यांत त्या बापाचें केवढें मनोधैर्य आहे, याचा विचार वाचकांनींच करावा.

पुढें पालुई नांवाच्या पाद्र्यानें मुलाला शिकविण्यास आरंभ केला, आणि बेशेरे या पंतोजींच्या शाळेंत तो डोळस मुलांच्या पंक्तीला बसूं लागला. बापानें लांकडाच्या फळीवर खिळे ठोकून त्याला अक्षरांचे आकार शिकविले, असें चरित्रकार सांगतात. मुलगा ऐकून सर्व कांहीं शिके. परंतु पुस्तक त्याला मुकें होतें. गांवाची शक्ति तेथें संपली.

तेव्हां सर्वांत कठीण निश्चय करावा लागला. आयुई यांनीं स्थापन केलेल्या पॅरिसच्या अंधशाळेंत १५ फेब्रुवारी १८१९ रोजीं लुई दाखल झाला. त्याचें वय दहा वर्षांचें. त्या शाळेंतच त्याला शार्ल बार्बिए यांच्या उठावाच्या ठिपक्यांची पद्धति समजली, १८२४ च्या सुमारास वयाच्या पंधराव्या वर्षीं त्यानें स्वतःची लिपि सिद्ध केली, आणि १८२९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. परंतु शाळेची ती इमारत जुनी, दमट व रोगट होती. तरुणपणींच त्याला क्षयानें गांठलें आणि ६ जानेवारी १८५२ रोजीं, त्रेचाळिसावें वर्ष पुरें होऊन दोनच दिवस झाले असतां, तो वारला. ज्या निश्चयानें त्याला लिपि दिली, त्यानेंच बहुधा त्याचें आयुष्यहि तोडलें. अपंग मुलाच्या आईबापांचे निर्णय असेच असतात. त्यांत निर्भेळ लाभाचा एकहि नसतो.

मात्र पाठविणें म्हणजे टाकणें नव्हे. आजारपणांत लुई विश्रांतीसाठीं कूप्व्रेलाच येई. १८३९ सालीं त्यानें आणखी एक पद्धति प्रसिद्ध केली. तींत नेहमींच्या अक्षरांचे आकारच ठिपक्यांनीं काढावयाचे असत. सहा ठिपक्यांची लिपि डोळसांना वाचतां येत नसे. या नव्या पद्धतीनें अंध विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानें घरीं पत्र धाडतां येऊं लागलें. घराची ओढ ज्याला ठाऊक होती त्यालाच ही गरज सुचली असावी. त्याचा देह कूप्व्रेला पुरला गेला. १९५२ सालीं फ्रान्सनें त्याच्या अस्थि पॅरिसच्या पांथेआँमध्यें नेल्या, पण त्याचे हात गांवानें आपल्याजवळ ठेवून घेतले.

हा इतिहास वाचून कोणी म्हणेल कीं, त्या कुटुंबाच्या कष्टांचें चीज झालें, कारण मुलगा जगद्विख्यात निघाला. हा हिशेब चुकीचा आहे. झालरींचें काम हातीं देतांना बापाला लिपीचें स्वप्न पडलें नव्हतें. हा मुलगा जन्मभर गांवांतच झालरी करीत राहिला असता, तरी त्या घराचें वर्तन तितकेंच योग्य ठरलें असतें. अपंग मुलाला वाढविणाऱ्या प्रत्येक घरांत ब्रेल निपजणार नाहीं. परंतु मुलाच्या हातांना काम आणि पंक्तींत जागा कोणत्याहि घराला देतां येते.