तळटीप ४२ : 'फौजदार गृहमंत्री'

४२. 'फौजदार गृहमंत्री' : हा उल्लेख सुशीलकुमार शिंदे (जन्म : ४ सप्टेंबर १९४१, सोलापूर) यांचा. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई, पुढे कारकून आणि १९६५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक, अशी त्यांची सुरुवात. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी वर्दी उतरवली. १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत पोहोचले. पुढे राज्याचे अर्थमंत्री, जानेवारी २००३ पासून मुख्यमंत्री, नंतर आंध्र प्रदेशचे राज्यपाल, केंद्रीय ऊर्जामंत्री आणि ३१ जुलै २०१२ ते मे २०१४ या काळात केंद्रीय गृहमंत्री. २०१४ आणि २०१९ मध्ये सोलापुरात त्यांचा पराभव झाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या वाचकाने राज्य आणि केंद्र यांच्या गृहखात्यांतला भेद ध्यानात ठेवावा. पोलीस हा राज्यसूचीतला विषय. त्यामुळे इथला ठाणेदार मुंबईच्या गृहखात्याला बांधील असतो. दिल्ली देते ते केंद्रीय राखीव पोलीस दल आणि निधी. २५ मे २०१३ रोजी बस्तरमधील झीरम घाटीत नक्षलवाद्यांनी काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला केला, तेव्हा केंद्राची ही जबाबदारी शिंदे यांच्याकडे होती. पोलिसाची नोकरी काय असते, हे खात्यात राहून पाहिलेला माणूस त्या खुर्चीवर होता. लोकशाहीची ही मोठी कमाई आहे, असे आम्ही मानतो. — संपा.