खांदेरी-उंदेरी
महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील, अलिबाग तालुक्यात थळच्या किनाऱ्यासमोर असलेली दोन लहान दुर्गयुक्त बेटे. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किमी. अंतरावरील या बेटांवरून मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवता येत असे. त्यामुळे मराठे, जंजिऱ्याचा सिद्दी व इंग्रज या तिन्ही सत्तांना त्यांचे महत्त्व वाटे.

शिवाजी महाराजांचा खांदेरी बांधण्याचा १६७२ मधील प्रयत्न इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे तडीस गेला नाही. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगडमातीचा आडोसा उभारू लागला. बेट सोडण्याचा इंग्रजांचा निरोप त्याने धुडकावला. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरू पाहणारा इंग्रज अधिकारी थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आधिपत्याखाली ५० हून अधिक मराठी गलबतांनी इंग्रजांच्या ताफ्यावर हल्ला केला व ‘डव्ह’ ही गुराब पकडली. कीग्विन व मिंचिन यांच्या ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र निकराने झुंज दिली.

या लढतीनंतरही नाकेबंदी उठली नाही. खांदेरी टिकली ती मुख्यतः रसदीवर. उथळ पाण्यातून जाणारी, वल्ह्यांनी चालणारी मराठी गलबते रात्री अन्नधान्य व दारूगोळा पोहोचवीत. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या इंग्रजांच्या जड जहाजांना ती अडविता येत नसत. बेटावरील शिबंदी तोफांच्या माऱ्यात तट चढवीत राहिली. नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासमचे आरमार इंग्रजांना मिळाले, तरी बेट पडले नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेऊन महाराजांशी तह केला.

जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी व्यापून तिची तटबंदी केली. दौलतखानाचा तेथील हल्ला अयशस्वी झाला. तेव्हापासून सुमारे ऐंशी वर्षे दोन शत्रूंची ठाणी परस्परांच्या तोफांच्या टप्प्यात नांदली. या वैराची झळ किनाऱ्यावरील रयतेलाही लागली. उंदेरीवरून सिद्दीच्या धाडी समोरच्या गावांवर पडत. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांची खांदेरीवरील मोहीम फसली. १७६० मध्ये मराठ्यांनी उंदेरी जिंकून तिचे नाव जयदुर्ग ठेवले.

खांदेरीवर तट, बुरूज, कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर व १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आहे. बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत खांदेरीचा अंतर्भाव होतो.