गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा: विमा कंपनीला नेमकं काय कळवावं लागतं?

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागातलं पुंडलिकनगर घ्या किंवा तुमची स्वतःची कॉलनी घ्या. अनेक घरांत चित्र सारखंच असतं. दारात एमएच २० नंबरची एकच कार, पण चालवणारे तीन-चार. आरसीवर नाव वडिलांचं. सकाळी मुलगा तीच गाडी घेऊन चिकलठाणा नाहीतर शेंद्रा एमआयडीसीत ड्युटीला जातो. सून नुकतीच शिकलीय, तिच्याकडं लर्निंग लायसन्स आहे. लग्नसराईत मेहुणा 'दोन दिवस देता का' म्हणून गाडी मागून नेतो.

मग एक दिवस गाडी ठोकली जाते आणि घरात पहिला प्रश्न येतो, 'पॉलिसीवर नाव बाबांचं, चालवत होता दादा. आता क्लेम मिळणार का?'

त्यात मोबाइलवर कुठंतरी पाहिलेलं असतं की ड्रायव्हरचं नाव कंपनीला कळवलं नाही तर क्लेम रिजेक्ट होतो. घाबरून काही जण आणखी मोठी चूक करतात आणि गाडी मीच चालवत होतो, असं वडिलांना सांगायला लावतात.

म्हणूनच, विमा कंपनीला काय कळवावं लागतं आणि काय नाही, हे एकदा नीट समजून घेऊ.

पॉलिसीत ड्रायव्हरचं नाव टाकावं लागतं का?

भारतातल्या नेहमीच्या कार पॉलिसीत नाही.

आपल्याकडं विमा गाडीचा आणि तिच्या मालकाचा असतो. पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा परिच्छेद असतो. त्याचा सोपा अर्थ असा: मालक किंवा इतर कुणीही गाडी चालवू शकतं, पण अपघाताच्या वेळी त्या माणसाकडं त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि लायसन्स धारण करायला तो अपात्र ठरलेला नसावा. लर्निंग लायसन्सवालाही चालतो, पण नियम पाळून. म्हणजे शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीला पुढं-मागं लाल रंगातला 'एल'.

म्हणजे मुलगा, सून, मेहुणा यांची यादी आधी देण्याची गरज नाही. हप्ता ठरतो तोही गाडीवरून. उदाहरणार्थ, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आहे. चालवणारा २० वर्षांचा आहे की ६० वर्षांचा, यानं त्यात फरक पडत नाही.

मग 'नेम्ड ड्रायव्हर'ची भानगड आली कुठून?

मुख्यतः ब्रिटनसारख्या देशांतून. तिथं गाडी कोण कोण चालवणार, त्यांची नावं, वय, व्यवसाय, आधीचे गुन्हे आणि अपघात सांगावे लागतात आणि हप्ता त्यावरच ठरतो. २०१२ च्या ब्रिटिश कायद्यानुसार, कंपनीनं विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देण्याची वाजवी काळजी ग्राहकानं घ्यायची असते. रोज गाडी चालवणार मुलगा, पण हप्ता कमी बसावा म्हणून मुख्य ड्रायव्हर म्हणून वडिलांचं नाव द्यायचं, हा प्रकार तिथं 'फ्रंटिंग' म्हणजे फसवणूक ठरतो. घरातलं कुणी लंडन किंवा लेस्टरला असेल, तर त्यांना हे सांगायला हवं. आपल्या घरातली नेहमीची व्यवस्था तिथं महागात पडू शकते.

आपल्या मोटार वाहन कायद्यातही नावाचा उल्लेख आहे, पण उलट्या बाजूनं. एखाद्या व्यक्तीचं नाव घेऊन तिला गाडी चालवण्यापासून वगळणारी अट पॉलिसीत असेल आणि तिनंच गाडी चालवली, तर कंपनी बचावात तो मुद्दा मांडू शकते. त्यामुळं पॉलिसीची पीडीएफ उघडून ड्रायव्हर्स क्लॉज एकदा वाचाच.

खरा प्रश्न नावाचा की लायसन्सचा?

लायसन्सचा. क्लेम फॉर्मवर अपघाताच्या वेळी कोण चालवत होतं, हे लिहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसारही विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची असते: पॉलिसी नंबर, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींचा तपशील आणि ड्रायव्हरचं नाव व लायसन्स.

इथंच घोटाळा होतो. मुलाचं लायसन्स संपलेलं असतं, म्हणून वडिलांचं नाव लिहिलं जातं. मग सर्व्हेअर येतो, पोलिसांचा पंचनामा असतो, दवाखान्यातल्या नोंदी असतात, चौकातले सीसीटीव्ही असतात. नाव जुळलं नाही की लायसन्सचा मुद्दा बाजूला राहतो आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो. पॉलिसीतल्या अटीनुसार फसव्या क्लेमवर काहीच मिळत नाही. मुलाकडं लायसन्स असेल, तर खरं सांगण्यात काहीच तोटा नव्हता. नसेल, तर खोटं बोलून प्रकरण आणखी अंगाशी येतं.

लायसन्स संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत मिळायची. २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. आता मुदत संपल्यावर वर्षभरात नूतनीकरण करता येतं, पण मधल्या दिवसांत गाडी चालवली तर ते विनालायसन्स चालवणंच. घरातल्या ज्येष्ठांकडं जास्त लक्ष द्या. वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण केलेलं लायसन्स ५ वर्षांसाठीच मिळतं.

समोरच्याचं नुकसान झालं तर?

अपघातात दुसरा कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर नियम थोडा वेगळा आहे. स्वरणसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ जानेवारी २००४ रोजी स्पष्ट केलं की ड्रायव्हरकडं लायसन्स नव्हतं एवढंच म्हणून कंपनी सुटत नाही. मालकानं निष्काळजीपणा केला, हे तिला सिद्ध करावं लागतं. आणि तसं सिद्ध झालं तरी पीडिताला आधी कंपनीनं पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. पप्पू विरुद्ध विनोदकुमार लांबा या २०१८ च्या निकालात तसंच झालं.

म्हणजे पीडिताला भरपाई मिळते, पण वसुलीची नोटीस येते ती आरसीवरच्या मालकाला. आपल्या उदाहरणात, वडिलांना. भरपाईची रक्कम लाखांत असू शकते.

'मला काय माहीत ड्रायव्हरचं लायसन्स संपलंय' हेही चालत नाही. बेली राम खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नोकरीवर ठेवलेल्या ड्रायव्हरचं लायसन्स वेळेवर नूतनीकृत झालं का, हे मालकानं पाहायलाच हवं.

आणि बारावीतल्या पोराच्या हातात चावी देत असाल, तर कलम १९९ अ लक्षात ठेवा. पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.

कंपनीला न कळवता चालत नाही असे बदल कोणते?

१. गाडी विकली किंवा घेतली. थर्ड पार्टी विमा कायद्याच्या कलम १५७ मुळं नव्या मालकाकडं आपोआप गेला असं मानलं जातं. तरीही नव्या मालकानं १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा म्हणजे ओन डॅमेज विमा मात्र आपोआप जात नाही, हे कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यात १९९५ मध्येच ठरलंय. म्हणून जुनी गाडी घेतली आणि पॉलिसी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली, तर गाडी ठोकल्यावर हात रिकामे राहू शकतात.

विकणाराही सुटत नाही. नवीनकुमार खटल्यात २०१८ मध्ये गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत पहिल्याचंच नाव होतं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. गाडी आपल्याच भावाला किंवा मुलाला 'दिली' असेल, तरी हेच लागू होतं.

२. मालकाचं निधन झालं. दुःखात सगळ्यात जास्त विसरली जाते ती ही गोष्ट. पॉलिसी लगेच बंद पडत नाही. नेहमीच्या अटीनुसार ती मृत्यूपासून ३ महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवर चालते. त्या काळात वारसानं मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून आरसी नावावर करायची. वडिलांच्या नावानंच ऑनलाइन हप्ता भरत राहिलं तर पावती येत राहते, पण क्लेमच्या वेळी विमाधारक हयात नाही, हे उघड होतं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव टाकायची सोय आहे. ती वापरली तर पुढचं काम सोपं होतं.

३. गाडीचा वापर बदलला. खासगी कार भाड्यानं चालवायला पॉलिसीत मनाई असते. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन कुणाला वेरूळ-अजिंठा किंवा शिर्डीला नेलं, तर अट मोडली. अमलेंदू साहू खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा वेळीही क्लेम पूर्ण फेटाळू नये, काही रक्कम द्यावी असं सांगितलं. पण पूर्ण पैसे मिळण्याची आशा तिथंच संपते.

४. गाडीत बदल केला. सीएनजी किट बसवलं तर आरसीवर नोंद आणि पॉलिसीत एन्डॉर्समेंट, दोन्ही लागतं.

५. पगारी ड्रायव्हर ठेवला. त्याच्यासाठी मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचं वेगळं कव्हर असतं. मूळ दर वर्षाला फक्त ५० रुपये.

६. पत्ता बदलला. घर बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पॉलिसीतला पत्ताही तेव्हाच बदलून घ्या.

चालवणाऱ्यालाच लागलं तर?

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. पॉलिसीसोबत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर येतं, ते फक्त 'ओनर-ड्रायव्हर'साठी. त्यासाठी आरसीवर नाव, पॉलिसीवर नाव आणि चालू लायसन्स हे तिन्ही एकाच माणसाचं लागतं. गाडी वडिलांची आणि मुलगा स्वतःच्या चुकीनं झाडावर आदळला, तर ते १५ लाख त्याच्यासाठी नाहीत. गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, त्याला थर्ड पार्टी म्हणून त्याच गाडीच्या विम्याकडं बोट दाखवता येत नाही, हे तत्त्व निंगम्मा खटल्यात २००९ मध्ये मांडलं गेलं.

यावर उपाय आहे. पॉलिसीत ठरावीक व्यक्तींची नावं देऊन अपघात कव्हर जोडता येतं. आपल्या पॉलिसीत नावं खऱ्या अर्थानं येतात ती इथं. रोज गाडी चालवणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव इथं घाला. आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला, आता गाडी सून चालवते, असं झालं तर ते नाव बदलून घ्या. कारण हे कव्हर नाव असलेल्यालाच मिळतं.

कळवायचं कसं?

लेखी कळवा. एजंटला फोनवर सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं नव्हे. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर किंवा अ‍ॅपवर पॉलिसी नंबरसह विनंती टाका, पोच जपून ठेवा आणि एन्डॉर्समेंटची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळं तुमचा थर्ड पार्टी विमा एका कंपनीचा आणि ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीचा असू शकतो. तसं असेल तर दोघांनाही कळवा.

क्लेम नाकारलाच तर?

नकार लेखी मागा आणि कोणत्या अटीवरून नाकारला, ते पाहा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं जा. मग विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तरीही समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. संभाजीनगरसाठी पुण्याचं कार्यालय आहे. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

थोडक्यात काय तर, गाडी कुणीही चालवा, कंपनीला दरवेळी सांगत बसायची गरज नाही. पण तीन कागद एकदा शेजारी ठेवून बघा: आरसी, पॉलिसी आणि रोज चालवणाऱ्याचं लायसन्स. आरसी आणि पॉलिसीवरचं नाव एकच आहे का? ती व्यक्ती हयात आहे का? गाडी अजून तिच्याकडंच आहे का? लायसन्सची तारीख शिल्लक आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर अपघाताची वाट न बघता आजच ईमेल टाका.