सुरतेची झुबेदा, हबशी याकूत आणि येशूचा चेहरा



क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानापाशी आपण गुडघे टेकतो तेव्हा येशूचा क्रूस उचलायला कुरेनेकर शिमोनाला पुढे ओढलेले असते. कुरेने हे गाव आफ्रिकेतले, आजच्या लिबियातले. शिमोनाच्या कातडीचा रंग शुभवर्तमानात सांगितलेला नाही. पण 1965 साली हॉलिवूडने येशूच्या जीवनावर एक भव्य चित्रपट काढला, तेव्हा शिमोनाचे काम कृष्णवर्णीय नट सिडनी पॉयटिए यांना दिले. त्याच चित्रपटात येशू झाले होते स्वीडनचे माक्स फोन सिडो. क्रूस वाहणारा काळा आणि ज्याचा क्रूस तो गोरा, अशी ती वाटणी. पडद्यावर कोणाला कोणता चेहरा द्यायचा, हा प्रश्न वाटतो तितका करमणुकीपुरता नाही.

या प्रश्नाचा एक धागा आपल्या सुरतेतूनच जातो. मुंबईच्या गाडीत बसले की उधन्यानंतर थोड्याच वेळात सचिन स्टेशन येते. आपल्यातले कितीतरी जण रोज तिथल्या कारखान्यांत कामाला जातात. हे सचिन एकेकाळी संस्थान होते आणि तिथले नवाब सिद्दी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतले हबशी. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाने 1791 मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात पेशव्यांशी झालेल्या करारातून त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. मराठी माणसाला सिद्दी आठवतो तो ऐतिहासिक नाटका-सिनेमातला शत्रू म्हणून. त्याच घराण्याची एक शाखा आपल्या शेजारी दीडशे वर्षांहून अधिक काळ राज्य करून गेली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

सुरतेत 1911 साली झुबेदाचा जन्म झाला. आई फातमा बेगम, नाटकातली नटी. पुढे तिने स्वतःची चित्रसंस्था काढली आणि 1926 मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक ती हीच. झुबेदा आणि तिच्या बहिणी सुलताना व शहजादी या सचिनच्या नवाबाच्या मुली, असे सर्वत्र सांगितले जाते. मात्र नवाबाने फातमाशी निकाह लावल्याची किंवा या मुलींना आपले म्हटल्याची नोंद नाही. आई मुलींना घेऊन मुंबईला गेली आणि बारा-तेरा वर्षांची झुबेदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

तो काळ समजायला थोडे मागे जावे लागेल. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा विलायती मूकपट पाहिला आणि बघता बघता त्यांच्या मनासमोर राम-कृष्ण येऊ लागले, असे त्यांनी स्वतः 1917 मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिले आहे. आपली माणसे पडद्यावर कधी दिसतील, ही त्यांची तळमळ. भारतीय सिनेमाचे बीज असे येशूच्या चित्रपटातून पडले, याचे आम्हाला दर वेळी नवल वाटते. पण 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला एकही बाई मिळेना. अखेर अण्णा साळुंके या खाणावळीत काम करणाऱ्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. (मुंबईत गाजलेल्या या चित्रपटाने सुरतेत पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये मिळवले, असे सांगतात. आपले शहर पैशाला जपून!)

सिनेमात काम करणे कुलीन घरांना कमीपणाचे वाटे. म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पडद्यावर आल्या त्या अँग्लो-इंडियन आणि यहुदी मुली. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाली, रेनी स्मिथ ‘सीता देवी’ झाली, आयरिस गॅस्पर ‘सबिता देवी’. चेहरा चालला, नाव चालले नाही. गोरा रंग हवा होता, पण तो हिंदू नावाखाली. पुढे मूळच्या सुरतेच्या वाडिया घराण्यातल्या जेबीएच वाडियांनी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्सला ‘नंदा देवी’ हे नाव आणि लांब वेण्यांचा टोप सुचवला, तेव्हा तिने सरळ नकार दिला. ती नादियाच राहिली आणि 1935 मध्ये ‘हंटरवाली’ने तिला डोक्यावर घेतले गेले.

मग बोलपट आला. ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. इम्पीरियल कंपनीची सर्वांत मोठी तारका होती सुलोचना, पण तिला हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हते. नायिकेचे काम सुरतेच्या झुबेदाला मिळाले. सुलोचनाने वर्षभर भाषा शिकून 1932 मध्ये ‘माधुरी’तून पुनरागमन केले; बाकीच्या अनेक जणींचे दिवस मात्र तिथेच संपले. भारताच्या पहिल्या बोलपटाची नायिका सिद्दी घराण्यातली म्हणून ओळखली जात होती, तरी तिला हबशी म्हणून कोणी पाहिले नाही. ती शहजादी होती, कारण ती दिसायला शहजादी होती.

आता दुसरी बाजू पाहा. रझिया सुलतानच्या दरबारात याकूत नावाचा हबशी सरदार होता, शाही घोड्यांचा मुख्य अधिकारी. कमाल अमरोही यांनी 1983 मध्ये ‘रझिया सुलतान’ काढला आणि याकूत केले धर्मेंद्र यांना, चेहऱ्याला काळा रंग फासून. सचिनचे नवाब ‘याकूत खान’ हीच पदवी लावत. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरला सिद्दी लोक आजही बाबा गोरच्या दर्ग्यावर ढोल वाजवून धमाल नाचतात. जंबुरला, गीरच्या रानालगतही त्यांची वस्ती आहे. याकूतच्या भूमिकेसाठी तिकडे कोणी पाहिले नसेल, असे आम्हाला वाटते. नायकाचे नाव मोठे हवे, हा धंद्याचा हिशेब आम्ही समजू शकतो. पण काळा रंग डबीतून निघत असेल, तर काळ्या माणसाला काम कधी मिळणार?

आपणा ख्रिस्ती लोकांनाही हे अनोळखी नाही. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती म्हणजे गळ्यात क्रूस, हातात बाटली आणि तोंडी मोडकी हिंदी. ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी सर्वांना आवडला, आम्हालाही, पण देशी दारूचा गुत्ता चालवायला तिघांपैकी ख्रिस्ती भाऊच लागला.

आणि स्वतः येशू? गावोगावी पडद्यावर दाखवला जाणारा 1979 चा ‘जीझस’ चित्रपट मराठीत बोलतो, पण चेहरा ब्रायन डीकन या इंग्रज नटाचा. त्याआधी वर्षभर तेलुगूत ‘करुणामयुडु’ आला, हिंदीत तो ‘दयासागर’ झाला. त्यात येशू झाले विजयचंदर, आंध्रचे. लोकांनी तोही येशू मनापासून स्वीकारला. त्याच्याही आधी गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मरिया साडीत रंगवली, सावळी, आपल्या गावातल्या आयाबायांसारखी. गोव्यात त्यावर टीका झाली, आणि फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून 1967 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तशीच चित्रे काढत राहिले.

यशया संदेष्ट्याच्या 53 व्या अध्यायात प्रभूच्या सेवकाचे वर्णन आहे. त्याला रूप नव्हते, लोकांनी पाहावे असे सौंदर्य नव्हते, असे संदेष्टा सांगतो. कोणत्याही दिग्दर्शकाने हा अध्याय वाचून नट निवडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता डिसेंबर जवळ येतो आहे. लिंबायत, उधना, डिंडोलीतली जळगाव-धुळे-नंदुरबारकडची आपली मुले नाताळच्या नाटकासाठी नावे देतील. मरियेला गोरी मुलगी, काळ्या मुलाला हेरोदाचा शिपाई किंवा फार तर तिसरा ज्ञानी राजा, ही वाटणी कितीतरी ठिकाणी न बोलता होऊन जाते. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की या वर्षी नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. यादी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मिस्सानंतर करू.