एका घरात दोन रकमा: माजलगावातील निवृत्तिवेतन आणि सरकारी मदत

निवृत्तिवेतन किंवा अपंगत्वाचे अनुदान घेणाऱ्याला सरकारची दुसरी मदतही मिळावी का, या प्रश्नाचे उत्तर बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. पैसे किती, यापेक्षा ते कोणत्या नावाने येतात यावर ते ठरत आले. दुष्काळातली मदत, म्हातारपणाचा आधार, नोकरीचा हक्क, लढ्याचा सन्मान आणि नुकसानीची भरपाई या पाच वेगवेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडाशी वेगळा नियम आहे.

निजामाच्या राज्यातही हा तालुका बीड जिल्ह्यातच होता. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात त्याचे नाव ‘मांजलेगाव’ असे छापले आहे. त्या काळी निवृत्तिवेतन हा थोड्या सरकारी नोकरांचा विषय होता. बाकी रयतेला सरकारचा पैसा दिसे तो दुष्काळात. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि हैदराबादसारख्या संस्थानांनीही साधारण तोच मार्ग धरला. धडधाकट माणसाने रस्त्याच्या किंवा तळ्याच्या कामावर यावे आणि मजुरी घ्यावी; म्हातारे, पांगळे, आंधळे आणि ज्यांना सांभाळणारे कोणी नाही अशांना फुकट धान्य किंवा पैसा द्यावा, अशी ही दुहेरी रचना होती. फुकट मदतीपूर्वी एकच गोष्ट पाहिली जाई: या माणसाला पोसणारे दुसरे कोणी आहे का? पुढच्या सगळ्या नियमांचे बीज या प्रश्नात आहे. ही व्यवस्था पुरेशी ठरली असे मात्र म्हणता येत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर झालेल्या १९०१ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरीच घटलेली दिसते.

१९७२ च्या दुष्काळात या रचनेचा पहिला अर्धा भाग मोठ्या प्रमाणावर परत आला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघाली, कामावर सुकडी वाटली गेली आणि मस्टरवर लाखो नावे चढली. यातूनच रोजगार हमी योजना घडली; तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘हमी’ने कोणाला उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. उन्हात खडी फोडायला जो तयार आहे त्याला गरज आहे, एवढे गृहीत धरले. घरात कोणाला निवृत्तिवेतन येते का, हा प्रश्न मुकादमाला विचारावाच लागला नाही. मात्र ज्याच्या हातून खडी फुटत नाही तो या योजनेत कुठेच नव्हता. दुष्काळ संहितेत त्याच्यासाठी राखलेला दुसरा अर्धा भाग हमीत उतरलाच नाही.

ती जागा १९८० मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांच्या सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणून भरली. वृद्ध, विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि अनाथ मुले यांना दरमहा ठरावीक रक्कम देणारी ही योजना तालुक्यात ‘निराधार’ किंवा नुसती ‘संजय गांधी’ म्हणून ओळखली जाते. वयाचा पुरावा, तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला आणि अपंगांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन अर्ज तहसीलमध्ये जातो. मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला २१,००० रुपये ठेवली गेली, अपंगांसाठी ती पुढे ५०,००० झाली. इथेच निवृत्तिवेतन आडवे येते, कारण ते उत्पन्नात धरले जाते.

या मर्यादेचा हिशेब कागदावर मांडला की तिचा काच दिसतो. तेलगावचा लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना किंवा एसटीचे आगार अशा ठिकाणच्या कामगारांना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे, म्हणजे ‘ईपीएस ९५’चे पैसे मिळतात. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. दुसरे उत्पन्न नसलेल्या घरात हे वर्षाला १२,००० होतात, म्हणजे घर मर्यादेच्या आत राहते. शेजारच्या घरात महिना २,००० येत असतील तर वर्षाचे २४,००० होतात आणि ३,००० रुपयांनी ते घर बाहेर पडते. आजच्या दराने निराधारचे वर्षाचे १८,००० रुपये त्याच्या हातून जातात. ज्याचे निवृत्तिवेतन जास्त, त्याची एकूण मिळकत कमी, असा हा उलटा परिणाम आहे. मर्यादा हवी हे मान्य केले तरी एका आकड्यावर सगळे तोडण्याऐवजी रक्कम टप्प्याटप्प्याने कमी करता आली असती. किमान रक्कम ७,५०० करावी, या मागणीसाठी ईपीएस ९५ च्या निवृत्तांनी बुलढाण्यातून देशव्यापी आंदोलन उभे केले, ते याच तुटपुंज्या रकमेमुळे.

नोकरीच्या निवृत्तिवेतनाला वेगळे स्थान मिळवून दिले ते सर्वोच्च न्यायालयाने. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्यातील निकालाने ठरवले की निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, आधी केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे. त्यामुळे दुसरी मदत मिळाली म्हणून निवृत्तिवेतन कधी कापले जात नाही. कापली जाते ती मदत.

मराठवाड्यात या वाटांमधली सीमा सर्वांत ठळकपणे हलली ती स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले. त्याआधीच्या लढ्यात माणसे तुरुंगात गेली, भूमिगत झाली, सीमेवरच्या छावण्यांतून लढली. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना महिना २०० रुपये देण्यास सुरुवात केली. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही मुख्य अट होती. तिच्या जोडीला आणखी एक अट होती: वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत हवे. तुरुंगातून सुटून पुढे शिक्षक किंवा सरकारी नोकर झालेला सैनिक पगारामुळे किंवा निवृत्तिवेतनामुळे या अटीत अडकू शकत होता. लढ्याची किंमत गरिबीच्या मापाने मोजणारी ही अट अन्यायाची होती. १ ऑगस्ट १९८० पासून ती काढून टाकली गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला. त्या दिवसापासून नोकरीचे निवृत्तिवेतन आणि लढ्याचे मानधन एकाच माणसाला एकत्र घेता येऊ लागले. हैदराबाद संस्थानातील आर्य समाजाच्या सत्याग्रहींच्या खटल्यात, मुकुंदलाल भंडारी प्रकरणात, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या योजनेचा हेतू सन्मानाचा असल्याचे सांगून उशिरा आलेले अर्ज केवळ उशिरामुळे फेटाळू नयेत असे ठरवले.

उत्पन्नाची अट गेल्यावर सगळा भार पुराव्यावर आला. तुरुंगवास कागदावर सापडतो, भूमिगत राहिलेल्याचा कागद नसतो. राज्याच्या स्वतःच्या स्वातंत्र्यसैनिक योजनेत अशा वेळी तुरुंगवास भोगलेल्या दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकांची प्रतिज्ञापत्रे, जिल्हा गौरव समितीची शिफारस आणि उच्चाधिकार समितीचा निर्णय असा मार्ग होता; ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने तो आखून दिला. बीड जिल्ह्यात याच मार्गाने बनावट स्वातंत्र्यसैनिक घुसल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या आणि निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाकडे चौकशी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २२ ऑगस्ट २००५ च्या निकालात न्यायालयाने खऱ्या सैनिकांना आदराने वागवावे असे सांगतानाच लढ्याशी संबंध नसलेल्यांना या उदार धोरणाचा फायदा मिळू देऊ नये, असेही बजावले. बनावट नावांनी तिजोरीचे नुकसान केलेच. पण तुरुंगाची नोंद निजामाच्या दप्तरात हरवली म्हणून हेलपाटे घालणाऱ्या खऱ्या म्हाताऱ्याकडेही त्यांच्यामुळे संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि हे नुकसान अधिक मोठे होते.

दोन रकमा मुद्दाम जोडल्या गेल्या त्या वृद्धांच्या योजनेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यातले वृद्धांचे निवृत्तिवेतन २००७ मध्ये इंदिरा गांधी यांच्या नावाने नव्याने मांडले गेले. २००९ मध्ये विधवा आणि अपंगांसाठी त्याच नावाच्या योजना आल्या. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला केंद्राचे पैसे मिळतात आणि उरलेले राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून येतात. मात्र ही बेरीज आधीच बांधलेली असते. जुलै २०२३ पासून एकूण रक्कम १,५०० आहे. ६५ ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३०० मिळतात. ८० पूर्ण झाले की केंद्राचे ५०० होतात आणि राज्याचे १,००० वर येतात. वय वाढते, केंद्राचा वाटा वाढतो, म्हाताऱ्याच्या हातात एक रुपयाही जास्त पडत नाही. केंद्राचा २०० चा आकडा २००७ पासून जागचा हललेला नाही.

नोकरीचे निवृत्तिवेतन घेणारे आणि निराधार किंवा श्रावणबाळचे लाभार्थी या दोघांनाही वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. कोषागाराचे निवृत्तिवेतन घेणारा नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, निराधार आणि श्रावणबाळचे लाभार्थी एप्रिल ते जूनमध्ये. आयुष्यभर ऊस तोडलेल्या किंवा माती उपसलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, आणि मग माणूस समोर उभा असूनही हप्ता थांबतो. मुले-सुना ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली असताना घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांचे किराणा आणि औषध याच हप्त्यावर चालते.

शेतीच्या मदतीत निवृत्तिवेतनाचा निकष उशिरा आला, आणि आला तो प्रत्येक वेळी वेगळा आकडा घेऊन. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेने महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना कर्जमाफीतून वगळले. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीने ही रेषा २५,००० वर नेली. माजी सैनिकांना दोन्ही वेळा सूट होती. त्याच सुमारास सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम किसान योजनेने मात्र १०,००० ही मर्यादा ठेवली आणि तिच्यातून चतुर्थ श्रेणीच्या निवृत्तांना सोडले. म्हणजे महिना १८,००० निवृत्तिवेतन घेणारा आणि चार एकर कोरडवाहू कसणारा निवृत्त शिक्षक २०१७ मध्ये अपात्र, २०१९ च्या कर्जमुक्तीत पात्र आणि पीएम किसानमध्ये पुन्हा अपात्र ठरतो. नियम न समजल्याने हप्ते घेतलेल्या अनेकांना पुढे वसुलीच्या नोटिसा गेल्या.

भरपाईच्या वाटेवर असा भेद नाही. अतिवृष्टीत किमान ३३ टक्के पीक गेले की क्षेत्रानुसार मदत मिळते, शेतकरी निवृत्त असो वा नसो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात महापूर आला, तेव्हा ३ हेक्टरपर्यंतची मदत याच तत्त्वाने जाहीर झाली. जमीन वाहून गेली ती खातेदाराची, आणि तिथे बँकेच्या पासबुकापेक्षा पंचनामा महत्त्वाचा असतो. माजलगाव धरणात बुडालेल्या जमिनींचा मोबदलाही याच प्रकारात बसतो.

ताजा टप्पा मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने आलेल्या या योजनेत महिलेला महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात सरकारी नोकर किंवा निवृत्तिवेतनधारक नको. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त घेणारी महिलाही अपात्र ठरते. शेतकऱ्यांच्या सन्मान निधी योजनांचे मिळून महिन्याला १,००० पडणाऱ्या महिलेला फरकाचे ५०० दिले जातात. निराधारची रक्कम वर्षभरापूर्वीच १,५०० झाली असल्याने विधवा आणि दिव्यांग महिला नेमक्या या रेषेवर अडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने ५ लाख महिलांना अपात्र ठरवले. त्यांत २ लाख ३० हजार संजय गांधी निराधारच्या लाभार्थी होत्या. आधी दिलेली रक्कम परत घेणार नसल्याचे सरकारने जाहीर केले. पीएम किसानच्या नोटिसांनंतर हा निर्णय शहाणपणाचा होता. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अनुदान २,५०० झाले, वृद्ध आणि विधवांचे १,५०० च राहिले. त्यामुळे दिव्यांग महिलेला निराधारमधून लाडक्या बहिणीपेक्षा १,००० रुपये जास्त मिळू लागले, तर विधवेच्या हातात सधवा शेजारणीइतकीच रक्कम पडत राहिली.