बत्ताशावरची पहिली कुस्ती

इंदूरला आगगाडीतून उतरा आणि टांगा करा. साल 1912, महिना श्रावण. आग्रा रस्त्याने देवास बावीस-तेवीस मैल. दोन्हीकडे माळव्याची काळी जमीन पाणी पिऊन फुगलेली, जोंधळा गुडघ्याएवढा, मधूनच एखादी सर येते आणि टांगेवाला गोणपाट डोक्यावर ओढून घेतो. सपाट मुलखात अचानक एक टेकडी उभी राहते. ती चामुंडेची टेकडी. तिच्या पायथ्याशी एक गाव आणि त्या एका गावात दोन राज्यं. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांपासून चालत आलेली: थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीवर तुकोजीराव, धाकट्या पातीवर मल्हारराव. रस्त्याची ही बाजू एकाची, ती बाजू दुसऱ्याची.

टांग्यातून खाली पाय ठेवलात की वय गळून पडेल. मग तुम्हाला अहोजाहो करता येणार नाही. तू बारा वर्षांचा आहेस. तुझे आबा मूळचे कोल्हापूरकडचे. 1908 साली शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब लग्न होऊन देवासच्या थोरल्या पातीत आल्या, तेव्हा त्यांच्या लवाजम्यात आबा आले. येताना पितळी तांब्या, घोंगडं आणि कुस्तीचं वेड एवढंच त्यांनी आणलं. गावातली पोरं माळवी बोलतात, घरात तू मराठी बोलतोस. आखाड्यातल्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात, आबा वस्ताद म्हणतात. माणूस एकच.

होळीनंतर तू आखाड्यात जायला लागलास. आज नागपंचमी. इतक्या महिन्यांत तुला कुणी एकदाही कुस्ती दिलेली नाही. पहाटे जोर, बैठका, मग विहिरीचं पाणी, मग थोरल्या पैलवानांच्या पाठी रगडायच्या, त्यांच्या थंडाईचे बदाम वाटायचे. वाटताना बोटाला लागलेला चाटायचा, तेवढाच तुझा. महिन्याभरात तू घरी कुरकुर केलीस, तेव्हा आबा म्हणाले, “पाठ रगडतोस न्हवं? मग शिकतोयस की. कुठला पुठ्ठा कसा भरलाय ते हाताला कळतंय का न्हाई?” तुला तेव्हा ते पटलं नव्हतं. पण आता डोळे मिटूनही हाताखालची पाठ कोणाची ते तू सांगतोस.

नागपंचमीला जमीन खणत नाहीत. म्हणून माती कालच उकरून ठेवली. ती रस्त्यावरची काळी माती नव्हे. काळी ओली झाली की चिखल, वाळली की ढेकूळ, तिच्यावर पडलं की हाड मोडायचं. आखाड्याची माती लांबून आणलेली, तांबूस, चाळणीतून काढलेली. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस जिरवलेला. काल संध्याकाळी तूच फावड्याने ती वर-खाली केलीस. मूठ भरून दाबलीस, मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर राहिला आणि आपसूक फुटला. वस्ताद नुसतं “हां” म्हणाले. माती तयार झाली याची खूण तीच.

आज मारुतीपुढे नारळ फुटला. भिंतीवर हळदीने काढलेल्या नागाला दूध-लाह्या झाल्या. पाऊस नुकताच थांबलाय, पागोळ्या गळताहेत. माणसं थोडीच आहेत. मोठ्या कुस्त्या दुपारनंतर, बघे तेव्हा येणार. आत्ता आहेत ती पोरांची बापमंडळी, दोन-चार म्हातारे आणि भिंतीवर चढलेली तुझ्या वयाची मुलं.

वस्ताद तुला हाताला धरून बाजूला नेतात. नवा लंगोट. तो आज ते स्वतः बांधतात. पट्टा दोन पायांतून मागे, कमरेला वेढा, पुन्हा पुढून, शेवटचं टोक मागे इतकं करकचून खोचतात की तू टाचांवर उभा राहतोस. “सैल राहिला तर अर्धं मन तिथंच राहतं,” ते म्हणतात. त्यांच्या बोटांना लिंबाचा वास आहे.

मग जोड. इथे तराजू नाही, वजनाचा आकडा नाही. पोरं एका रांगेत उभी. एक पंच त्या टोकाने, एक या टोकाने चालत येतात, मनगट पाहतात, मान पाहतात, गुडघे पाहतात. तुझ्यापेक्षा उंच पोराजवळ तुला उभं करतात, मान हलवून परत नेतात. एवढ्याशा कुस्तीला एवढा वेळ कशाला, असं भिंतीवरच्या पोरांना वाटतं. पण माझ्या मते पोरांच्या कुस्तीतलं खरं कसब या दोन माणसांच्या डोळ्यांत असतं. पहिलीच जोड चुकली, दुप्पट ताकदीच्या पोराखाली एखादा चिरडला गेला, तर तो पुन्हा मातीत पाय ठेवत नाही. नामांकित पैलवानाची जोड चुकली तर एक कुस्ती वाया जाते. पोराची चुकली तर पैलवानच जातो.

तुझा हात एका सावळ्या, आखूड मानेच्या पोराच्या हातात देतात. तो धाकट्या पातीच्या बाजूचा. दोघांचे जोडलेले हात वर धरून पंच तुम्हाला मातीभोवती एक फेरी मारून आणतात. हलगी वाजत नाही. ती दुपारसाठी राखून ठेवलेली.

“सलामी.” चिमूटभर माती कपाळाला. दोघं वाकता. त्याने तुझ्या दंडावर माती चोळली, तू त्याच्या खांद्यावर. घामाने हात निसटू नये म्हणून आधी एकमेकांच्या अंगाला माती लावायची, ही रीत तुला फार आवडते. जो तुला पाडणार त्यालाच तू धरायला सोपं होतोस.

शड्डू. तुझा हात मांडीवर नीट बसत नाही, आवाज फुसका येतो. त्याचा कडाडतो. तू त्याच्या तोंडाकडे बघतोस. चूक इथेच झाली. त्याचे डोळे डावीकडे गेले, तू डावीकडे वळलास, आणि तो उजवीकडून खाली शिरला. तुझा डावा पाय त्याच्या कवेत. पट निघाला. आभाळ, पागोळी, वासा, असं एकामागून एक दिसलं आणि पाठ मातीला लागली. दोन्ही खांदे. थंडगार. पंचांनी पोराचा हात वर केला. जोर-बैठकांचे सगळे महिने एका श्वासात संपले.

उठताना तुला बापाकडे बघवत नाही. पण तो सावळा पोरगा मिठी मारायला थांबलाय. मारावीच लागते. मग तो तुझ्या वस्तादांच्या पाया पडतो आणि तू त्याच्या. परातीतून एक म्हातारा बत्तासे देतो. त्याला ओंजळभर, तुला मूठभर. हरलेल्यालाही मिळतात हे तुला माहीत नव्हतं. तू हात मागे घेतोस. म्हातारा तुझी मूठ उघडून त्यात बत्तासे ठेवतो आणि मूठ मिटवतो.

“आमच्याकडं रेवड्या देत्यात,” आबा मागून म्हणतात. तेवढंच. हरल्याबद्दल अक्षर नाही.

वस्ताद जवळ येऊन बसतात. “तोंड खोटं बोलतं, पट्ठे. कंबर बोलत नाही. कंबर जाईल तिकडेच माणूस जातो.” आणि तुला वाटतं आता घरी जायचं, तर ते पुन्हा हाताला धरून उठवतात. दुसरी जोड. आज हरून झोपू द्यायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असणार.

या वेळी तू कंबर बघतोस. बाकी काहीच बघत नाहीस. त्याची कंबर खाली गेली, तू पाय मागे टाकलास. पुन्हा खाली, पुन्हा मागे. मान मानेला लागली, तुझ्या नाकात त्याच्या केसांचं खोबरेल. किती वेळ गेला कळत नाही. गुडघे थरथरताहेत, छातीत भाता चाललाय, पण पाठ मातीला नाही. पंच मध्ये हात घालतात. बरोबरीत सोडवली. भिंतीवरून कुणीतरी शीळ घालतं. बत्तासा तोंडात टाकतोस, तर आधी माती करकरते आणि मग तो विरघळतो.

घरी जाताना आबा रस्ताभर कोल्हापूरबद्दल बोलतात. शाहू महाराज 1902 साली विलायतेच्या प्रवासात रोमला गेले, तिथलं प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसंच कुस्तीचं मैदान कोल्हापुरात बांधायला घेतलं. या 1912 सालीच ते खासबाग पुरं झालं. मधोमध हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही पाठ लागलेली दिसावी. पंजाबपर्यंतचे मल्ल महाराजांनी पदरी ठेवले, गंगावेस, मोतीबाग अशा तालमींना हात दिला. आबांना मोठ्या लढतींपेक्षा तालमीच अधिक आठवतात. त्या संध्याकाळी राजवाड्यात अक्कासाहेबांचा मुलगा विक्रमसिंह दोन वर्षांचा आहे. त्याचं नाव लक्षात ठेव.

आता पुन्हा मोठे व्हा. थोडा वेळ जपानला चला. देवासच्या त्या श्रावणाच्या तीनच वर्षं आधी, 1909 साली, तोक्योत र्‍योगोकूला सुमोसाठी कोकुगिकान हे मोठं सभागृह उभं राहिलं. सुमोत भरती झालेल्या नव्या पोरांच्या पहिल्या कुस्त्यांना तिथे ‘माएझुमो’ म्हणतात, म्हणजे सुमोच्या आधीचा सुमो. त्या लढतात त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे. मल्लांची जी क्रमवारी छापतात, ‘बान्झुके’, तिच्यात या पोरांची नावं नसतात. केस अजून वाढलेले नसतात, म्हणून शेंडीसुद्धा बांधता येत नाही. तालमीत आधी उठायचं, थोरल्यांच्या पाठी धुवायच्या, स्वयंपाक करायचा, शेवटी जेवायचं. आणि पहिल्या लढती झाल्या की त्यांना प्रेक्षकांपुढे उभं करतात, तेव्हा अंगावरचा भरजरी मल्लपट थोरल्यांकडून मागून आणलेला असतो. हे वाचताना मला त्या म्हाताऱ्याची परात आठवते. आपल्याकडच्या कुस्तीच्या जाहिरातीतही रेवडीच्या, म्हणजे लहान पोरांच्या, जोडी छापत नाहीत. दोन्हीकडच्या लोकांनी स्वतंत्रपणे हेच ओळखलं की पहिल्या कुस्तीला नाव नसावं, हरण्याची मुभा असावी आणि तरीही ती साऱ्या थोरल्यांच्या देखत व्हावी.

शेवटचा मुक्काम लंडन, 1948. ऑलिंपिक. देवासचा तो दोन वर्षांचा विक्रमसिंह आता अडतीस वर्षांचा आहे. बापामागे देवासची गादी चालवून 1947 साली तो कोल्हापुरात दत्तक गेला आणि छत्रपती शहाजी महाराज झाला. लंडनला जायला पैसे नसलेल्या एका पोराचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. म्हणजे देवासच्या टेकडीखाली वाढलेल्या या माणसाने. पोरगा कराडजवळच्या गोळेश्वरचा, पैलवान दादासाहेब जाधवांचा मुलगा, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी: खाशाबा जाधव.

तिथे माती नाही. खाली गादी आहे. खाशाबा तोवर गादीवर लढलेलेच नाहीत, आंतरराष्ट्रीय नियमही नवे. लाल मातीतला कसलेला पैलवान बाविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या कुस्तीला उभा राहिला आहे. त्यांची जागा घेऊन बघा: पायाखाली काही दबत नाही, मूठभर उचलून कपाळाला लावायला काही नाही, समोरच्याच्या अंगाला चोळायला काही नाही. तरी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. मला विचाराल तर हे सहावं स्थान म्हणजे त्यांच्या मूठभर रेवड्या. हरलेल्याला मिळतात तशा, पण पुन्हा या असं सांगणाऱ्या.

आणि ते पुन्हा गेले. 1952 च्या हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगावी वर्गणी झाली, त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना मिळालं. कराडहून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत येऊन खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. पदकाइतकंच मला हे मोठं वाटतं.

यंदा गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असेल, तर मोठ्या जोडीच्या वेळेला जाऊ नका. दोन-तीन तास आधी जा. तेव्हा मैदान रिकामं असतं आणि पोरं हात वर करून फेरी मारत असतात. खिशात सुटे पैसे न्या. जिंकलेल्याच्या हातावर दहाची नोट ठेवाल, तेव्हा लंगोटाला लागलेली माती झटकत खाली मान घालून निघालेल्या दुसऱ्या पोरालाही थांबवा आणि त्याच्या मुठीत एक ठेवा.